डिलीट आणि वैराग्य

आज गीतेचा १७ वा अध्याय, १५ वा श्लोक. कुणाला उद्वेग न देणारं, खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं म्हणजे वाणीचं तप.

‘वीजबिल बाकी आहे, आज रात्री लाईन कापू, या नंबरवर फोन करा.’ असा मेसेज आला की आपण तो डिलीट करतो आणि मन शांत ठेवलं म्हणून स्वतःवरच खूश होतो. मला हे वैराग्य वाटत नाही. तोच मेसेज शेजारच्या काकूंनाही गेलेला असतो.

आमच्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात गाडगेबाबा लहानाचे मोठे झाले. अडाणी माणसाला सावकार कागदावर कसा नागवतो, हे त्यांनी मामाच्या घरीच पाहिलं. कर्ज काढू नका, पोरांना शिकवा, हे मग ते कीर्तनांतून आयुष्यभर सांगत राहिले. कागदाच्या जागी आता लिंक आली, एवढंच.

म्हणून डिलीट करण्याआधी १९०९ वर तक्रार. पैसे गेलेच तर लगेच १९३०. आई विचारते, “तो उद्या दुसऱ्या नंबरवून पाठवन तं?” पाठवन. मंग पुन्हा करू.

निवडणुकीतले मेसेज जास्त अवघड. त्यातलं एखादं खरंही असतं, पण जातीवरून डोकं भडकवायलाच लिहिलेलं. श्लोकात ‘सत्य’ एकटं येत नाही, बाकी तिघांसोबत येतं. त्यामुळे खरं असलं तरी ते मी पुढे पाठवत नाही. आपल्या पक्षाचं असलं की बोट जरा जास्तच शिवशिवतं, ते वेगळं.