हिवाळ्यापूर्वी

दिवाळी सरली की बीदर जिल्ह्यातील संतपूरच्या बाजूला घरोघर एकच लगबग दिसते. भिंतींच्या फटी शेणामातीने लिंपल्या जातात. वाकळा उन्हात पडतात. गेल्या सालच्या तुराट्या वळचणीला येतात. परसातल्या पपईच्या व लिंबाच्या रोपांवर गवताचा आडोसा उभा राहतो. पूर्वेची बाजू मात्र सकाळच्या उन्हासाठी मोकळी ठेवतात. आपल्या पठारावर बर्फ पडत नाही. परंतु डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र असले म्हणजे दिवसाची ऊब रात्री जमिनीतून भराभर निघून जाते. म्हणून जाणता माळी अशा सांजेला रोपांना हलके पाणी देतो, कारण ओली माती ऊब अधिक वेळ धरते. दारे-खिडक्या लावून पेटत्या शेगडीजवळ मात्र कोणी निजू नये. तिच्या विषारी वायूला वास नसतो व तो झोपेतच जीव घेतो.

उद्याची चिंता करू नका असे प्रभूने शिकविले असता ही सारी धडपड अविश्वासाची नव्हे काय, असे शब्बाथशाळेत एखादे मूल विचारते. प्रश्न रास्त आहे. पण चिंता वेगळी व तयारी वेगळी. चिंता फटीकडे पाहत बसते. तयारी माती कालवते. बंदिवासातील पौलानेही त्रोवसात राहिलेला आपला झगा मागविला आणि तीमथ्याला हिवाळ्यापूर्वी येण्याची विनंती केली (२ तीमथ्य ४:१३, २१). विश्वासाच्या त्या वीराला थंडी वाजते हे सांगण्याची लाज वाटली नाही.

याहून अवघड प्रश्न पुढचा आहे. आपली तयारी कोणाच्या उंबरठ्यापर्यंत जाते? आपण माळवदाखाली निजतो. जाड मातीचे ते छत दिवसाची ऊब रात्रीपर्यंत सांभाळते. पत्र्याच्या खोलीत ती ऊब टिकत नाही. आणि ऊसतोडीला आलेली कुटुंबे तर फडाजवळ पाचटाच्या कोपीत लेकरांसह रात्र काढतात.

गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल, तर ते सूर्यास्तापूर्वी परत करावे, अशी आज्ञा आहे (निर्गम २२:२६-२७). येथे कर्ज खोटे ठरविलेले नाही; सावकाराचा हक्कही नाकारलेला नाही. तरीही पांघरूण परत द्यायचे, कारण देणे फिटेपर्यंत रात्र थांबत नाही. येथे दयेला वेळ नेमून दिलेली आहे.

आपल्या मंडळ्यांतून नाताळात घोंगड्या वाटल्या जातात. चांगलेच आहे. पण २५ डिसेंबरला मिळालेली घोंगडी त्याआधीच्या कुडकुडत काढलेल्या रात्री परत देत नाही. याकोबाने ज्यांना दोष दिला, ते गरजूला ऊब घेण्याचा आशीर्वाद देऊन रिकाम्या हाताने निरोप देत होते (याकोब २:१५-१६). आपण रिकाम्या हाताने निरोप देत नाही; आपण सोयीचा दिवस येईपर्यंत थांबवून ठेवतो. कुडकुडणाऱ्या लेकराला त्यात किती फरक जाणवत असेल?

यंदा आपली फट लिंपाल, तेव्हा थोडी माती अधिक कालवा. शिक्षकांनी मुलांना घेऊन शेजारच्या दारी जावे, आणि तेही दिवस मावळण्यापूर्वी.