नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें

‘नांव ठेवणें’ आणि ‘नांवें ठेवणें’ या दोन क्रियांमध्यें आपल्या भाषेनें केवळ एका वचनाचें अंतर ठेविलें आहे. एकींत बारशाचा आनंद आहे, दुसरींत निंदा. परंतु पहिली करतां करतां दुसरी केव्हां हातून घडते याचें भान मनुष्यास राहत नाहीं. याचें प्रत्यंतर वनस्पतिशास्त्रांतील लॅटिन आणि ग्रीक नांवांत चांगलें मिळतें. हीं नांवें सामान्य वाचकास रुक्ष वाटतात. पण त्यांचा अर्थ उलगडला म्हणजे वनस्पतीपेक्षां नांव देणाराचेंच अंतरंग त्यांत अधिक दिसूं लागतें.

आपल्या अंगणांतला प्राजक्त घ्या. त्याचें शास्त्रीय नांव निक्टँथीस आर्बोर-ट्रिस्टिस. ग्रीक भाषेंत ‘निक्स’ म्हणजे रात्र व ‘आंथोस’ म्हणजे फूल; लॅटिनमध्यें ‘आर्बोर ट्रिस्टिस’ म्हणजे दुःखी वृक्ष. आपल्या पुराणांनीं ज्यास स्वर्गांतून खालीं आणिलें, तोच वृक्ष पहाटे फुलें ढाळतांना दुसऱ्या कोणास शोकाकुल भासला! तेरड्याचेंहि तसेंच. त्याचा रंग तीन दिवसांचा, एवढें आपल्या म्हणीनें हेरलें. उलट त्याचें पिकलेलें बोंड हात लागतांच फुटतें हें पाहून लॅटिन नांवानें त्यास ‘इम्पेशन्स’, म्हणजे उतावळा, ठरविलें. लाजाळूच्या बाबतींत मात्र दोन्ही भाषांचें एकमत झालें. ‘प्युडिका’ म्हणजे लज्जावतीच.

येथवर सर्व रमणीय आहे. पण नांवांत चूकहि शिरते. चिंचेचें ‘टॅमरिंडस’ हें नांव ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदी खजूर, या अरबी शब्दांवरून आलें. त्यापुढें ‘इंडिका’, म्हणजे हिंदुस्थानची, असें विशेषण जोडलें गेलें. वस्तुतः चिंच ही खजूर नव्हे, आणि तिचें मूळ घर आफ्रिका! ‘सिला पेरुव्हियाना’ हें कंदापासून येणारें फुलझाड भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडील प्रदेशांतलें. पेरू देशांत तें मुळीं उगवतच नाहीं. तरीहि नियम असा आहे कीं, अर्थ चुकीचा किंवा अप्रिय आहे एवढ्याच कारणास्तव नांव टाकतां येत नाहीं. लिनियसच्या १७५३ सालच्या ‘स्पीशीज प्लँटॅरम’ या ग्रंथापासून गणना धरावयाची, आणि जें नांव आधीं तें खरें मानावयाचें. या नियमास देवधर्माचीहि भीड नाहीं. तुळशीस लिनियसनें १७६७ सालीं ‘सँक्टम’, म्हणजे पवित्र, हें विशेषण दिलें; परंतु तिलाच त्यानें १७५३ मध्यें ‘टेन्युइफ्लोरम’, म्हणजे नाजूक फुलांची, म्हटलें होतें. तेव्हां पावित्र्यास मागें सरावें लागलें.

यांत अन्याय झाला काय? मला तसें वाटत नाहीं. वृंदावनांतल्या तुळशीचें त्यामुळें एक पानहि गळलें नाहीं. उलट पुण्याचा वैद्य आणि पॅरिसचा औषधिविक्रेता एकाच झाडाविषयीं बोलत आहेत ही खात्री या निष्ठुर नियमामुळेंच मिळते. अर्थ चुकला तरी खूण चुकली नाहीं म्हणजे शास्त्राचें काम भागतें.

पण सर्वच नांवें अशीं निरुपद्रवी नसतात. आपल्या पांगाऱ्याच्या जातकुळींतला एक वृक्ष दक्षिण आफ्रिकेंत वाढतो. ‘एरिथ्रायना’ हें कुलनाम ग्रीक ‘एरिथ्रोस’, म्हणजे तांबडा, यावरून आलेलें. परंतु त्यापुढें ‘काफ्रा’ असें विशेषण लागलें. मूळ अरबी शब्दाचा अर्थ श्रद्धाहीन एवढाच होता. पुढें गोऱ्या वसाहतवाल्यांनीं तोच तेथील कृष्णवर्णीयांस हिणविण्यासाठीं वापरला. जुलै २०२४ मध्यें माद्रिद येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेंत ३५१ विरुद्ध २०५ मतांनीं असें ठरलें कीं, असल्या दोनशेंहून अधिक नांवांतील एक अक्षर गाळून ‘आफ्रा’, म्हणजे आफ्रिकेची, असें रूप करावें.

विरुद्ध मत देणारांची भीति अगदींच पोकळ होती असें नाहीं. आज हें नांव बदललें, उद्यां दुसरें. मग थांबावयाचें कोठें? पण थांबण्याची जागा मला तरी स्पष्ट दिसते. चिंचेच्या नांवांतलें असत्य चिंचेस ऐकूं येत नाहीं. ‘काफ्रा’ हें नांवहि त्या वृक्षास ऐकूं येत नाहीं. पण त्याच्या सावलींत बसणाऱ्या मनुष्यास तें ऐकूं येतें. चूक सहन करावी, कारण ती कोणाच्या काळजास लागत नाहीं. अपमान सहन करण्यास दुसऱ्यास सांगण्याचा अधिकार मात्र कोणासच नाहीं.

हा प्रश्न केवळ परदेशच्या शास्त्रज्ञांचा आहे असें समजून स्वस्थ बसण्याची सोय आपणांसहि नाहीं. सातारा जिल्ह्यांत २०११ सालीं अडीचशेंहून अधिक मुलींचीं नांवें समारंभपूर्वक बदलण्यांत आलीं. मुलाची वाट पाहणाऱ्या घरांनीं त्यांचें नांव ‘नकोशी’ असें ठेविलें होतें. शाळेच्या पटावर खाडाखोड होईल, म्हणून जुनींच नांवें राहूं द्यावींत, असा युक्तिवाद त्या दिवशीं कोणी केला असता तर तो त्या मुलींच्या तोंडाकडे पाहून करतां आला असता काय?

बारशाच्या दिवशीं पाळण्यांतल्या जीवास कांहींच बोलतां येत नाहीं. झाडास तर कधींच येत नाहीं. म्हणूनच नांव ठेवणाराची जबाबदारी मोठी.