प्रारब्ध आणि नस

थायरॉइडच्या ऑपरेशनात माझा आवाज गेला, त्याला या आषाढीला दीड वर्ष होईल. भुकूमच्या भजनात मी चाल धरायचे. आता टाळ घेऊन मागे बसते. थोरल्या जाऊबाई म्हणतात, "बाई गं, प्रारब्धच ते. भोगून संपवायचं."

प्रारब्ध मीही मानते. पण ते माझं मला सोसता यावं म्हणून आहे. दुसऱ्याच्या हातून जे घडलं त्याचा जाब बुडवायला नाही. आवाजाची डावी नस छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालून पुन्हा गळ्यात चढते, थायरॉइडला अगदी खेटून. निष्णात हातांकडूनही ती दुखावते. म्हणजे नुसत्या इजेवरून डॉक्टर दोषी ठरत नाही, हे मला मान्य आहे. धोका आधी सांगितला होता का, नस शोधून जपली का, हे मात्र विचारायलाच हवं. मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

१९५३ साली पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचं हाड मोडलेला एक तरुण पुण्यात उपचारांदरम्यान दगावला. वडील स्वतः डॉक्टर, तरी कोर्टात गेले. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम केली : ३,००० रुपये. पंधरा वर्षं! पैशासाठी कुठला बाप इतकं चालेल?

ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची. खाटपेवाडीला, रामनदीच्या उगमाकडे, पहाटे जाऊन मी 'सा' लावून बघते; नुसती हवा निघते. काल सुनेला म्हटलं, माझी फाइल काढून ठेव.