संस्कार की सोंग?

घरी आंबविलेल्या बिअरला कॉफीचा स्वाद द्यावा की न द्यावा, हा प्रश्न नीतिविचाराच्या दारात आणून उभा करणे कित्येक वाचकांस हास्यास्पद वाटेल. परंतु पदार्थास परका गुण देणे हा कोठवर संस्कार आणि कोठून सोंग, हा वाद जुना आहे. चरकसंहितेने द्रव्यात निराळा गुण आणण्यास संस्कार म्हटले असून सुगंधाने वासित करणे हेही त्यातच गणले आहे.

महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारांवर नाचणी पिकते. तिला मोड आणून, वाळवून, दळून केलेले सत्त्व लहान मुलांस भरवितात. मोड येताना धान्यात जे पाचक द्रव्य उपजते, ते पिठाची साखर करू लागते. बिअर करणारा जवास मोड आणतो तो याच कारणासाठी! एका घरी जी क्रिया बाळाचे अन्न होते, तीच दुसऱ्या घरी मद्याचा आरंभ होय. तेव्हा क्रियेच्या माथी दोष मारता येत नाही.

हेच जव काळे होईतो भाजले, तर कॉफीचा एक दाणाही न घालता बिअरला कॉफीसारखा वास येतो. खरी कॉफीच हवी असेल, तर ती जाडसर दळून रात्रभर थंड पाण्यात भिजवितात आणि गाळलेले पाणी आंबणे पुरे झाल्यावर मिसळतात. उकळल्यास कडवटपणा वाढतो; आंबताना घातल्यास निघणाऱ्या वायूबरोबर सुगंध उडून जातो. या कौशल्यात मला तरी लबाडी दिसत नाही.

लबाडी असलीच तर ती आपल्या निवाड्यात आहे. 1892 च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध घातले. महाड त्या वेळी कुलाब्यात होते. त्या जिल्ह्याचे रायगड हे नाव 1981 चे. पुढे 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि परवान्यावाचून घरी मद्य करणे महाराष्ट्रात आजही गुन्हाच आहे. उलट अमेरिकेत 1979 पासून दोन प्रौढांच्या घरास वर्षाला 200 गॅलन बिअर केंद्रीय करावाचून करता येते. महाडच्या माणसाचा नातू तेथे कॉफीची बिअर करील तर आपण त्यास रसिक म्हणू. गावाकडे मोहाचे मडके चुलीवर चढविणाऱ्यास मात्र हातभट्टीवाला. ऊर्ध्वपातनात धोका अधिक, हे खरे, आणि तसे ते घरी करणे अमेरिकेतही केंद्रीय कायद्याने निषिद्धच होते. तथापि आपल्या तोंडच्या दोन शब्दांतील तुच्छता त्या धोक्यातून आलेली नाही, ती ओसरीवरून आली आहे.

कॉफीविषयी एक शंका मात्र उरते. तिच्यात वासाखेरीज कॅफीन असते. ते रक्तातील मद्य तिळभरही कमी करीत नाही. झिंगल्याची जाणीव तेवढी झाकते. याच कारणास्तव 2010 च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने कॅफीन घातलेली मद्ये करणाऱ्या चार कंपन्यांस ताकीद दिली. घरगुती बिअरच्या पेल्यात कॅफीन साधारणतः कपभर कॉफीहून कमीच उतरते, हे मान्य. तरीही वासाने जागेपणाचा भास व्हावा आणि आत मद्य असावे, हे सोंगाच्या फार जवळचे आहे. यजमानाने पेल्यात काय आहे ते आधी सांगावे. आणि ज्या पाहुण्यास महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला स्वतः मोटार न्यावयाची आहे, त्याच्यापुढे तो मांडूच नये. त्यास साधी कॉफी द्यावी.