नटाचा अधिकार

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९४० साली काढलेल्या ‘संत ज्ञानेश्वर’ या बोलपटाविषयी एकदा वर्गात बोलत होतो. ज्ञानेश्वरांची भूमिका करणारे शाहू मोडक हे आपल्या नगरचेच. १९१८ साली येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले. अभिमानाच्या भरात मी म्हणून गेलो, ‘ख्रिस्ती असूनही काय ज्ञानेश्वर उभा केला!’ पुढच्या बाकावरील एका ख्रिस्ती विद्यार्थ्याने मान खाली घातली. माझ्या स्तुतीत त्याला काय बोचले, हे उमगावयास मला घरी पोहोचेपर्यंतचा वेळ लागला.

‘असूनही’ या शब्दात एक सिद्धांत दडलेला आहे. ज्याच्या घरी ज्या देवाची पूजा, त्यालाच त्याचे रूप घेण्याचा अधिकार. इतर कोणास ते साधले तर तो अपवाद समजावयाचा. वस्तुतः त्या बोलपटाचे दिग्दर्शक दोघे होते, विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल. मूकपटांच्या काळी कोल्हापुरास बाबूराव पेंटरांच्या हाताखाली दोघेही तयार झाले, आणि १९३६ चा ‘संत तुकाराम’ही याच जोडीचा. मोडक तर १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये पोरवयातच कृष्ण झाले होते. इतके अपवाद एके ठिकाणी जमले, म्हणजे नियमाविषयीच शंका घेणे प्राप्त होते.

यावर कोणी म्हणेल, नटाला कसला आला आहे अधिकार? हेच मोडक १९३९ च्या ‘माणूस’मध्ये वेश्येवर जीव जडलेले पोलीस शिपाई होते, वर्षभरात ते ज्ञानेश्वर झाले. आक्षेप खरा आहे. संताची भूमिका केल्याने कोणी संत होत नाही, आणि पडद्यावरील कृष्णास हात जोडणारा भाविकही माणूस व भूमिका यांची गल्लतच करतो. परंतु नटाचा अधिकार पुण्याईचा नसतोच. दुसऱ्याचे दुःख काही काळ स्वतःचे मानण्याची जी तयारी, तोच त्याचा अधिकार. शिपायाचे दुःख ज्याला परके वाटले नाही, त्याला वाळीत टाकलेल्या मुलाचे दुःख तरी परके का वाटावे?

आणि ज्ञानेश्वर तरी कोण होते? संन्याशाचे पोर म्हणून ज्यांचा अधिकार नाकारला गेला, शुद्धिपत्रासाठी ज्यांना पैठणच्या ब्रह्मसभेपुढे उभे राहावे लागले, असे परंपरा सांगते. त्याच ज्ञानेश्वरांनी आपल्या जिल्ह्यातील नेवाशास शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, तो ज्यांना संस्कृताचे दार बंद होते त्यांच्यासाठी. नगरच्या एका ख्रिस्ती मुलाला ज्ञानेश्वर होण्याचा अधिकार कोणी दिला, असे ज्याच्या मनात येईल, त्याने आधी स्वतःस विचारावे की पैठणच्या त्या सभेत आपण कोणत्या बाजूला बसलो असतो.

मी कोठे बसलो असतो, ते त्या दिवशी वर्गात मला कळले.