लज्जा आणि सहनशीलता

‘उन्हाळी लागली’ एवढें बोलून मूत्रमार्गाच्या दाहाचा विषय आपल्या घरांत मिटविला जातो. सुश्रुतसंहितेंत मूत्रकृच्छ्राचें निःसंकोच वर्णन आहे. आज सुशिक्षित गृहिणीही तें दुखणें डॉक्टरांस सांगतांना लाजते. स्त्रियांचा मूत्रमार्ग अवघा ४ सेंटिमीटरांच्या आसपास, म्हणून आंतड्यांतील जंतु मूत्राशयांत लवकर पोंचतात. यांत शीलाचा प्रश्न कोठें आला? मग ते मूत्रपिंडांत शिरून थंडी-ताप भरेपर्यंत गप्प राहणें, यास सहनशीलता म्हणावें काय? जें दुःख टळत नाहीं तें सोसणें, यास आम्ही धैर्य मानतों. जें थोड्या दिवसांच्या औषधानें बहुधा बरें होतें तें लपविणें, हें केवळ लोकापवादाचें भय होय. मात्र दोष एकट्या रोग्याचा नव्हे. ऐकणारा नाक मुरडील, तर सांगणारीनें कोठें सांगावें? ती भीति घालविणें हें घरांतील पुरुषांचेंही कर्तव्य आहे, असें आम्हांस वाटतें.