प्रमाद, यतना आणि विमानातील बॅटरी

हेतू नसताना हातून घडलेल्या हानीला हिंसा म्हणावे काय, या प्रश्नाचा जैन आचारशास्त्राइतका काटेकोर विचार क्वचितच कोठे झाला असेल. उमास्वातींच्या 'तत्त्वार्थसूत्रा'त हिंसेच्या व्याख्येतच प्रमादाचा, म्हणजे बेसावधपणाचा, अंतर्भाव आहे. आणि कुंदकुंदाचार्य 'प्रवचनसारा'त असे प्रतिपादन करतात की, बेसावधपणे वागणाऱ्याच्या हातून जीव मरो वा वाचो, हिंसेचा दोष त्याला लागतोच, तर सावधपणे वागणाऱ्याला केवळ बाह्य घातामुळे कर्मबंध होत नाही. मुनींच्या पाच समितींपैकी आदाननिक्षेपण समिती ही तर वस्तू उचलताना आणि ठेवताना पाळावयाची दक्षता होय. गृहस्थाला ती तेवढ्या कडकपणे लागू नसली, तरी तिच्या मुळाशी असलेली यतना, म्हणजे प्रत्येक कृतीतील जपणूक, त्यालाही चुकत नाही.

लिथियम बॅटरी हवाई मार्गाने नेण्याचे नियम या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. बॅटरीच्या घटात दोष असेल, तो चेपला असेल किंवा त्याची दोन टोके धातूने जोडली गेली, तर आतील उष्णता स्वतःच आणखी उष्णता निर्माण करू लागते आणि शेजारचे घटही एकामागून एक पेटतात. मालकक्षातील अग्निशामक वायू ज्वाळा दाबू शकतो, परंतु ही आतली प्रक्रिया थांबवू शकत नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेले मालवाहू बोइंग ७४७ अशाच आगीत सापडून कोसळले आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. चौकशीत असेही आढळले की, बॅटऱ्यांचा काही माल धोकादायक म्हणून जाहीर करणे आवश्यक असूनही तो तसा जाहीर केलेला नव्हता. न जाहीर करणाऱ्याने आग लावली नव्हती, पण कुंदकुंदांच्या कसोटीवर तो निर्दोष ठरत नाही, आणि ते विमान सुखरूप उतरले असते तरीही ठरला नसता.

१ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास मनाई आहे. प्रवाशाला सुटी बॅटरी किंवा पॉवर बँक न्यावयाची असल्यास ती सोपवलेल्या सामानात न ठेवता हातातील सामानात ठेवावी लागते. तिची क्षमता १०० वॉट-तासांपर्यंत चालते, १०० ते १६० वॉट-तासांसाठी विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्यापुढे बंदी आहे. (वॉट-तास म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार, ३.७ व्होल्टची २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची भरते.) धोक्याची वस्तू दूर ठेवावी ही सर्वसाधारण समजूत, येथे मात्र ती माणसाच्या जवळ ठेवण्यास सांगितले आहे, कारण जवळ असली तरच धूर वेळीच दिसतो आणि पाणी ओतून ती थंड करता येते. धोका आणि अवधान यांना एकत्र ठेवणारा हा नियम यतनेचेच आधुनिक रूप आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

हेतूविना घडणाऱ्या हानीचा हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्याला परका नाही. २०१७ च्या हंगामात कपाशीवर कीटकनाशके फवारताना येथील वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. त्यांना मारण्याचा हेतू कोणाचाही नव्हता, तथापि विषारी द्रव्य पुरेशा संरक्षक साधनांविना हाताळले गेले, आणि हेतूच्या अभावाने त्या मृत्यूंची जबाबदारी पुसली जात नाही.

यवतमाळहून नियमित प्रवासी विमान सुटत नाही. प्रवाशाला नागपूर किंवा २०२५ पासून अमरावतीचा विमानतळ गाठावा लागतो. त्यामुळे पॉवर बँक कोणत्या पिशवीत जाईल आणि सुट्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लागेल की नाही, हे तपासणी यंत्रापाशी नव्हे, तर दारव्हा, पुसद किंवा वणी येथील घरात, सामान भरतानाच ठरते.